बटण दाबलं की तालुका उतरायचा

अक्कांनी मला फसवलं. इतके दिवस हे गिळून बसले होते, आता सरळ लिहिते.

तुळजापुरातल्या एका कचेरीत आम्ही दोघी कंत्राटी ऑपरेटर. अक्का माझ्या आईच्या वयाच्या, जळकोटहून एसटीनं यायच्या. काम काय, तर वेबसाईट उघडायची, एका गावाचा अहवाल डाउनलोड करायचा, फाइलला गावाचं नाव द्यायचं, की पुढचं गाव. तालुका संपेस्तोवर हेच. डोकं उठायचं. पण ही नोकरी होती म्हणून घरचे माझ्या लग्नाचं जरा दमानं घेत होते.

शेवटी मी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला. एका रकान्यात गाव, शेजारी त्याची लिंक. बटण दाबलं की फाइली आपोआप उतरून नावासकट फोल्डरमध्ये. चहा पिऊन येईस्तोवर तालुका खल्लास! अक्का पदर तोंडाला लावून हसल्या आणि लगेच दार लोटून घेतलं. साहेबांना कळलं तर दोघींतली एक घरी बसंल, म्हणाल्या. देवळाकडं तोंड करायला लावून त्यांनी मला देवीआईची शपथ घ्यायला लावली. आमच्या गावात आईची शपथ घेतली की विषय संपला. मग साहेब आले की आम्ही उगीच माउस टिचकवत बसायचो.

कंत्राट वाढवायच्या वेळी साहेबांनी मला एकटीलाच बोलावलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर माझंच शीट उघडलेलं.

"अक्कांनी स्वतःहून येऊन सांगितलं. तुम्ही मात्र लपवलंत."

आता एकच माणूस पुरेल आणि अक्का राहतील, असं ते पुढं म्हणाले. लबाड कोण ठरलं, तर मी!

बाहेर आले आणि अक्कांना तोंडावर विचारलं. त्यांनी मान खाली घातली न्हाय.

"तू हुशार हाईस, तुला कुठंबी काम मिळंल. मला ह्या वयात कोण ठेवणार?"

शपथेचं काढलं तर म्हणाल्या, शपथ तू घेतलीस, म्या कुठं घेतली होती? ते खरंच होतं. आग लागो त्या खऱ्याला.

जायच्या आधी त्यांना सगळं समजावून द्या, असा साहेबांचा हुकूम होता. खुर्चीला खुर्ची लावून मी दाखवलं, मध्येच अडकलं तर कुठून पुन्हा चालू करायचं तेही. रागानं कान तापले होते. मी पिशवी उचलली तशा अक्का पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, अडलं तर फोन करीन हं पोरी. मी व्हय म्हणाले.

नोकरी गेल्याबरोबर घरच्यांचा दम संपला. पुढच्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे आले. ते बाहेर बसलेले, आई पोह्यांवर खोबरं पेरत होती, आणि फोन वाजला. अक्का होत्या. वेबसाईट बदलली होती, बटण दाबून काही उतरत नव्हतं, साहेब ओरडत होते. आई खुणेनं बाहेर चल म्हणत होती. आणि मी नव्या साडीत ओट्याला टेकून, हळू आवाजात, अक्कांना नवी लिंक कुठं टाकायची ते सांगत होते.