दोन चमचे गोडा मसाला

पाहुण्या बाईने दुसऱ्याच्या पातेल्यात चमचा घालू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. ती सख्खी थोरली बहीण असली तरी.

ताई पुण्याहून आमच्याकडे लंडनला, हॅरोला आली तेव्हा हे हॉस्पिटलमधून नुकतेच घरी आले होते. जेवणाचं तर विचारूच नका. वरणभाताचे दोन घास, की ताट बाजूला. घरी येणारी नर्स दर खेपेला वजनाचा काटा बघून तोंड वाकडं करायची. आणि त्या शनिवारी हे आपणहून म्हणाले, "आई करायची तशी नारळातली कोंबडी करशील?"

यांचं बालपण केनियात, मोंबासात गेलं. सासूबाई ती कोंबडी तिथल्या स्वाहिली शेजारणीकडून शिकल्या आणि मी सासूबाईंकडून. आजारपणानंतर यांनी तोंडाने मागितलेली ही पहिली गोष्ट! मी कोट चढवला आणि नारळ आणायला पळाले.

त्यात फार काही नसतं हो, तीच तर त्याची मजा. कोंबडीला लिंबू, मीठ, आलं-लसूण चोळून ग्रिलखाली भाजायची. कांदा, टोमॅटो, हळद, हिरवी मिरची परतून त्यात नारळाचं पातळ दूध, त्यात कोंबडी. दाट दूध अगदी शेवटी. आपल्यासारखं भाजक्या खोबऱ्याचं वाटण नाही, मसाला तर नाहीच नाही.

पातळ दूध घालून गॅस बारीक केला आणि यांना गोळ्या द्यायला वर गेले. उतरताना जिन्यातच वास आला. आमटीचा!

"ताई, काय घातलंस?"

"गोडा मसाला. दोनच चमचे. अगं, किती पांढरंफटक दिसत होतं ते! आजारी माणसाच्या तोंडाला चव नको?"

"चाखून तरी बघितलंस का?"

"मी कशी चाखू? आज शनिवार. शनिवारी मी खाते का?"

म्हणजे बघा! स्वतः खाणार नाही, चाखणार नाही, आणि मसाला मात्र घालणार!

"आईने शिकवलेलं सगळं विसरलीस इथे येऊन," वर मलाच ऐकवलं तिने.

"हे आईने नाही, सासूबाईंनी शिकवलंय."

"तरीच!"

तरीच म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. नशीब, पातेल्यात मावल्या नव्हत्या म्हणून दोन तंगड्या ग्रिलखालीच राहिल्या होत्या आणि दाट दूध वाडग्यात शाबूत होतं. नारळाचा चोथा गरम पाण्यात पुन्हा पिळला, दुसरा कांदा चिरला, छोट्या पातेल्यात सगळं पहिल्यापासून केलं.

हे खाली आले. भातावर रस्सा घेतला, एक तंगडी संपवली. मग ताटली पुढे केली. दुसरीही वाढली. हाड चोखत होते हो, किती दिवसांनी!

ताई शेजारी दही-भात खात होती. म्हणाली, "बघितलंस? मसाल्याने कशी भूक खवळली ते! उगाच तणतणत होतीस."

मी तोंड उघडलं होतं. पण यांचा हात परत भाताकडे जात होता. भांडण काढलं असतं तर तो तिथेच थांबला असता. मी मुकाट्याने भात वाढला.

आता ती पुण्याला फोन करून सगळ्यांना सांगते आहे, "माझ्या मसाल्याने मेव्हण्यांचं अन्न सुरू झालं" म्हणून.