पाच मिनिटांची मेंढी

केदारनाथ सर तालुक्याचे संगणकतज्ज्ञ झाले ते एका हूंमुळे.

शाळांना पहिल्यांदा संगणक आले, त्या वर्षी गटशिक्षणाधिकारी सुग्रीवराव साहेबांनी मास्तरांची बैठक घेतली. खोकी भिंतीला लावून ठेवलेली. साहेबांनी विचारलं, "यातलं कुणाला काही येतं का?" झाडून सगळे मास्तर आपापल्या चपलांकडे बघू लागले. सर तेवढे खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या शाळेच्या वस्तीकडे जाणारी जीप तिथून सुटायची आणि ती चुकली की पायपीट. साहेब बोलायचे थांबले, की हूं म्हणायचं, ही सरांची जुनी सवय. साहेब थांबले. सर हूं म्हणाले. आठवड्याभरात त्यांची प्रतिनियुक्ती तालुक्याच्या गट साधन केंद्रात झाली. खोकी कशी फोडायची, इथपासून त्यांची सुरुवात होती, पण ते कुणी विचारलं नाही.

वस्ती सुटली, याचा सरांना झालेला आनंद मोठा होता. त्यामागचं कारण मात्र छोटं होतं, आणि ते त्यांनी घरातही कधी सांगितलं नव्हतं.

इकडे गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. सांगणारा एक वाक्य सांगतो आणि थांबतो. ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं, मग पुढचं वाक्य. हूं आलं नाही, की समजायचं, ऐकणाऱ्याला झोप लागली किंवा कंटाळा आला. सांगणारा तिथेच गोष्ट गुंडाळतो आणि कूस बदलतो. मेंढपाळांच्या त्या वस्तीवर तर दूधपितं पोरही हूं म्हणायला आधी शिकतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सरांनी वर्गात गोष्ट सांगायला घेतली होती. राजा झाला, राणी झाली, प्रधान झाला. पोरं गप्प बसलेली. सरांना वाटलं, शिस्त लागली. मग त्यांच्या ध्यानात आलं, की एकही पोर हूं म्हणत नाहीये. सगळी खिडकीतून लांबच्या माळावर बघत होती आणि माळावर काहीच नव्हतं.

त्यानंतर सर फळ्याकडे तोंड करून शिकवू लागले. पाठ वर्गाकडे ठेवूनही नोकरी पुरी करता येते, हा त्यांचा स्वतःचा शोध. साधन केंद्रात तर पाठही ठेवावी लागत नव्हती. तिथे पोरंच नव्हती.

पुढे मोबाइल इतके स्वस्त झाले, की सिरसाळ्याच्या बाजारातल्या नाण्याच्या फोनवर कोळ्यानं जाळं केलं. त्या सुमारास 'डिजिटल गोष्ट' आली. एका संस्थेचा टाय लावलेला तरुण पडदा, प्रोजेक्टर आणि पेन ड्राइव्ह घेऊन तालुक्याला उतरला. मास्तरांना त्यानं सांगितलं, की फोटोंना आवाज जोडायचा, आवाजाला संगीत जोडायचं, म्हणजे डिजिटल गोष्ट होते. गोष्ट पाच मिनिटांचीच हवी, कारण मुलांचं लक्ष त्याहून जास्त टिकत नाही, असं परदेशात सिद्ध झालेलं आहे. हे तो सांगत असताना मागच्या रांगेतले मास्तर उपमा आला का, हे बघायला तिसऱ्यांदा उठले होते.

शेवटी सुग्रीवराव साहेब उभे राहिले. जिल्ह्यातून एक गोष्ट निवडली जाणार होती. ज्याची गोष्ट निवडली जाईल तो तज्ज्ञ मार्गदर्शक. तो तालुक्यालाच राहील. बाकीच्या सगळ्या प्रतिनियुक्त्या रद्द, जूनपासून ज्यानं त्यानं आपापल्या शाळेत जायचं.

सरांच्या डोळ्यांपुढे माळ आला.

घरी बायकोला, रुद्राणीला, त्यांनी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"म्हंजे पुन्ना पोरांपुढं उभं ऱ्हावं लागतंय म्हना की."

"तसं न्हाई. तालुक्याला माझी गरज हाय."

"हाय की. पंखे बंद कराया कुनीतरी लागतंच." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुमच्या त्वांडून गोष्ट यायची न्हाई. सिरसाळ्याला आत्यांकडं जावा."

महानंदाआत्या म्हणजे सरांच्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्यामागे किराणा दुकान तिनं एकटीनं चालवलं होतं. कपाळावर विभूतीचे ठसठशीत तीन पट्टे, हाताशी तराजू, आणि तोंड असं, की गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधीच दोनदा विचार करायचं. गोष्टी मात्र ती सांगायची. गूळ घ्यायला आलेली बाई गोष्ट अर्धी ऐकून साखरही घेऊन जायची, आणि उरलेली ऐकायला दुसऱ्या दिवशी तेलाला यायची. आत्या भोळेपणानं काहीच करत नसे.

सरांनी लॅपटॉप पोत्यावर मांडला, दुकानाची फळी लावून घेतली, पंखा बंद केला आणि बोटानं खूण केली.

"एका वस्तीवर एक म्हातारी ऱ्हायची," आत्या म्हणाली, आणि थांबली.

सरांनी हातानं पुढे सांगायची खूण केली. आत्या थांबूनच.

"काय झालं, आत्या?"

"हूं कोन म्हनंल?"

"मदी आवाज नको यायला. नुसता तुमचा पायजे."

"मंग मी काय भिताडाला सांगू? का पोत्याला? का रं केदार, मी काय रेडिओ हाय?"

नाइलाजानं सर हूं म्हणाले. आणि गोष्ट चालू लागली.

म्हातारीला होती एक मेंढी. हूं. ती मेंढी माणसावानी बोलायची. हूं. पण बोलायची ती नुसती म्हातारीशी. हूं. एकदा घरात दाणा न्हाई, म्हातारीनं ठरिवलं, मेंढी इकावी. हूं. मेंढी म्हनली, इकायचं तर इक, पर घेनाराला माजं नाव सांगू नगंस. हूं. बाजारात गिऱ्हाईक भेटलं. हूं. म्हातारीनं पैशे घेतले आन् त्या नादात नाव सांगून बसली. हूं. तिसऱ्या दिवशी बगती तर त्येच गिऱ्हाईक दारात. मेंढी न्हाई संगं. हूं. दारात हुबा ऱ्हाऊन त्यो म्हनतो कसा—

पाच मिनिटं झाली होती. सरांनी बटण दाबलं.

आत्याला बटणाचं काय ठाऊक. ती सांगत राहिली. सर वायरी गुंडाळत हूं म्हणाले, चार्जर शोधत हूं म्हणाले, फळी उघडून मोटरसायकल सावलीत आहे का ते बघताना बाहेरूनही हूं म्हणाले. गोष्ट दुपारभर चालली आणि रीतसर संपली.

"आवडली का?"

"हूं," सर म्हणाले.

फोटोंसाठी संस्थेनं एक सीडी दिली होती. त्यातल्या मेंढ्या पांढऱ्याशुभ्र, कापसाच्या गाठींसारख्या फुगलेल्या, मागे बर्फाचे डोंगर. सरांनी त्या घेतल्या. म्हातारीच्या जागी चष्मा लावून विणकाम करणारी एक गोरी बाई घेतली. शेवटच्या वाक्यानंतर गरगर फिरत येणारं 'समाप्त' टाकलं. पार्श्वसंगीतात सनई.

जिल्ह्याच्या सभागृहात ती दाखवली गेली. गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणतं कसं— समाप्त. सनई वाजली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अधिकारी, परीक्षक, मास्तर, कुणालाच काही कमी वाटलं नाही. सभागृहात जमलेल्यांपैकी कुणी आजवर कुठलंही भाषण शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे कुठे टाळ्या वाजवायच्या हे त्यांना संगीतावरूनच कळायचं.

परीक्षकांना विशेष आवडलं ते हूं. 'लोकसहभागाचा अभिनव प्रयोग' असा शेरा पडला आणि सरांची गोष्ट निवडली गेली. पंधरवड्यात परिपत्रक निघालं: यापुढे प्रत्येक डिजिटल गोष्टीत किमान दहा हूं असावीत. मग हूंचं प्रशिक्षण आलं. केदारनाथ सर माइक घेऊन उभे राहत आणि खुर्च्यांवरचे मास्तर एका सुरात हूं म्हणत. कुणी मोबाइलवर बोटं चालवत म्हणे, कुणी हजेरीपटावर सही करत म्हणे, एकदोघं झोपेत म्हणत. प्रशिक्षणाचा अहवाल शंभर टक्के आला. आयुष्यभर जे येत होतं तेच शिकवलेलं हे पहिलंच प्रशिक्षण.

मार्गदर्शकपदाचा आदेश मात्र हातात पडला नव्हता. गोष्ट एकदा प्रत्यक्ष वर्गात दाखवायची अट होती. साहेबांनी प्रेमानं सरांची मूळ शाळाच निवडली. "तुमचीच पोरं. तुम्हाला बघून खूश होतील."

पोरं बदलली होती. शाळा तीच होती. खिडकीही तीच. सरांनी आधी त्या खिडकीवर घोंगडी टाकून घेतली. अंधारासाठी, असं ते म्हणाले. साहेब दाराशी खुर्ची टाकून बसले आणि बॅटरीवर प्रोजेक्टर सुरू झाला. पडद्यावर मेंढी आली.

"सर, ही कुनाची हाय?" पुढे बसलेली धनश्री म्हणाली. तिच्या घरी काळी दख्खनी मेंढरं, वाऱ्यानं हलतील असं वाटावं इतकी बारीक, पण काटक. "हिला लई लोकर हाय. उनात मरंल की ही."

"गप बस. गोष्ट ऐक."

आत्याचा आवाज आला. एका वस्तीवर एक म्हातारी ऱ्हायची. पाठोपाठ सरांचं रेकॉर्ड झालेलं हूं आलं, आणि त्याला लागूनच सगळ्या वर्गाचं हूं आलं. सर दचकले. दुसऱ्या वाक्याला पुन्हा. पोरांना कुणी सांगितलं नव्हतं, परिपत्रक तर त्यांनी वाचलेलंच नव्हतं. अंधारात ते हूं उठायचं आणि पत्र्यापाशी जाऊन विरायचं. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत पुढे सरकून बसले. इतक्या वर्षांनी त्या वर्गातून आलेलं ते पहिलं हूं होतं. आलं होतं ते आत्याला.

दारात हुबा ऱ्हाऊन त्यो म्हनतो कसा—

हूं, वर्ग म्हणाला.

समाप्त. सनई. सुग्रीवराव साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी वाजवल्या नाहीत. ती थांबून राहिली.

"फुडं?" एकानं विचारलं.

"पुढं काय? संपली," सर म्हणाले. "समाप्त लिहिलंय, वाचता येत न्हाई का?"

"संपली कशी?" धनश्री उठून उभी राहिली. "त्ये दारातच हुबंय की, सर."

"मेंढी कुटंय?" मागून आवाज.

"काय म्हनलं त्ये?"

"आत घ्यावा की त्येला!"

सर साहेबांकडे बघू लागले. साहेबांचं फोनवर चाललं होतं. फोन ठेवून ते उठले आणि वर्गाकडे कौतुकानं बघू लागले. "वा! गोष्ट अर्धी सोडून उत्सुकता निर्माण करायची. याला म्हणतात पद्धत." मग जाता जाता म्हणाले, "शुक्रवारी जिल्ह्याची टीम येतीय. दुसरा भाग करून ठेवा, केदारनाथ. नाहीतर आदेश अडकेल."

त्याच संध्याकाळी सर सिरसाळ्याला आत्याच्या दारात उभे राहिले.

"आत्या, त्या गिऱ्हाइकाचं फुडं काय झालं?"

"कोनतं गिऱ्हाईक?"

"मेंढीवालं."

आत्यानं तराजू खाली ठेवला. "समदी तर सांगितली तुला. दुपार घातली."

"ते... मशीन बंद पडलं होतं."

"मशीन बंद पडलं आसंल. तुजे कान चालू हुते ना? हूं तर तूच म्हनत हुतास."

सर तराजूची वजनं नीट लावू लागले.

"बस," आत्या म्हणाली. "मांडी घाल. पयल्यापासनं."

"नुसतं शेवटचं सांगा की. पाचच मिनिटं."

"गोष्ट काय गुळाची ढेप हाय, फोडून कडंचा खडा द्याया? बस म्हनते ना."

सर बसले. एका वस्तीवर एक म्हातारी ऱ्हायची. हूं. आत्या मध्येच थांबली. "कुटं ऱ्हायची?" सर गडबडले. "बाजारात?" आत्या पुन्हा पहिल्यापासून निघाली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा सर खरंच ऐकू लागले. काळी, काटक मेंढी त्यांना दिसायला लागली, तिचं नाव आत्या सांगते की काय, याची धाकधूक होऊ लागली. म्हातारीनं पैसे घेतले, तेव्हा त्यांच्या तोंडून हूंऐवजी "अरारा" निघून गेलं. आत्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. गिऱ्हाईक दारात आलं. दारात हुबा ऱ्हाऊन त्यो म्हनतो कसा—

सरांचा मोबाइल वाजला. साहेब होते.

"हूं, साहेब," सर उठत म्हणाले. "हूं. हूं."

योजना बदलली होती. गोष्टीचा निधी संपला, वरून आता 'डिजिटल गाणी' आली होती. जिल्ह्याची टीम येणार नव्हती. दुसऱ्या भागाची गरज नाही. सरांचा आदेश निघाला होता, तालुक्यालाच, गाण्यांसाठी.

सर आत आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. "आत्या, काम झालं."

"बस की मंग. गिऱ्हाईक दारात हाय."

"आता गोष्ट लागत न्हाई, आत्या. आता गानी हायती."

"तुला गानी येतेत का?"

"त्याचं पण प्रशिक्षण हाय," सर म्हणाले, आणि मोटरसायकलला किक मारली.

आत्या थोडा वेळ दाराकडे बघत बसली. मग तिनं तराजू उचलला.

सिरसाळ्याहून तालुक्याकडे येणारा रस्ता त्या वस्तीवरूनच जातो. दुसरा रस्ता नाही, नाहीतर सर त्या रस्त्यानं गेले असते. मेंढरं घरी परतत होती. धनश्री आणि तीन-चार पोरं काठ्या घेऊन मागे चालली होती. मोटरसायकल ओळखून ती रस्त्याच्या कडेला ओळीनं उभी राहिली. या वस्तीवरच्या पोरांनी सरांची अशी वाट कधीच बघितली नव्हती.

"सर," धनश्री ओरडली, "आलं का आत त्ये?"

मेंढरांमुळे गाडीचा वेग कमी करावा लागला. क्षणभर सरांना वाटलं, थांबावं. पण सांगणार काय? त्यांनी मान वळवली नाही.

"हूं," ते म्हणाले, आणि गाडी पुढे काढली.