माफ करा हां

मुलांनो, “आजी, गीतेचा वर्ग का सोडलास?” असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून राग आवरून लिहिते.

वाकोल्याचे एक ख्रिस्ती गृहस्थ दर गुरुवारी घाटकोपरला आमच्या सोसायटीतल्या वर्गाला यायचे. प्रत्येक शंकेआधी “माफ करा हां” म्हणायचे.

एका गुरुवारी त्यांनी वर्ग घेणाऱ्या बाईंना विचारलं, “माफ करा हां वहिनी, तुमचा देव युगे युगे येतो, आमचा एकदाच आला. ऐकलं कोणाचंच नाही ना?”

आम्ही हसलो. सेक्रेटरी म्हणाले, “काका, बाटवाबाटवी इथे नको.”

त्यांनी नेहमीसारखी आपली खुर्ची मिटून भिंतीला लावली आणि ते गेले. प्रश्न विचारणारा बाटवणारा ठरला, आणि आम्ही शिकलेल्या बायका गप्प बसलो. मीसुद्धा.

पुढच्या गुरुवारी मी वाकोल्याला त्यांच्या दारात उभं राहून म्हटलं, “माफ करा हां.”

वर्ग आता दोघांचाच आहे. चौथा अध्याय चालू आहे.