घुबडाच्या पंखातला तिरका टाका

नवी बशी असो, लग्नाची पत्रिका असो की गॅसची पावती, भिंगबाईंच्या हातात आली की आधी उलटी व्हायची. पुढची बाजू दाखवण्यासाठी असते, खरं काय ते मागे असतं, हे त्यांचं ठाम मत. ते काही हवेतून आलेलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी भरतकाम केलं, आधी हातानं, मग मशीनवर, आणि भरतकामाची पारख मागूनच होते. पुढून कुणाचंही फूल छान दिसतं. मागे गाठी किती, दोरे लोंबतायत का, ताण सारखा आहे का, हे पाहिलं की बाई कामाची की नुसती बोलघेवडी ते कळतं.

गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग असायचं, म्हणून नाव भिंगबाई. त्यांच्या नवऱ्यानं उभा जन्म टपाल वाटण्यात घालवला होता. तो म्हणायचा, "मलाही हिनं आधी मागून पाहिलं असणार, म्हणून तर पसंत पडलो." भिंगबाई यावर हसायच्या नाहीत. पत्रं वाटणारा माणूस इतकं बोलतो म्हणजे काहीतरी लपवत असणार, अशी शंका त्यांना लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून होती.

तळमजल्यावरची एक खोली हा त्यांचा कारखाना. दोन खिडक्या, सहा सुयांचं मशीन, भिंतभर रिळं आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. शाळांचे बिल्ले, डॉक्टरांच्या कोटावरची नावं, खानावळींचे नॅपकिन अशी कामं तिथं चालत. नक्षी आधी कॉम्प्युटरवर टाका टाका मांडायची आणि मग ती फाइल मशीनला द्यायची. अशा दोनशे चाळीस नक्ष्या त्यांनी स्वतः मांडल्या होत्या. त्यांतली सगळ्यात लाडकी म्हणजे घुबड. मुलांच्या ग्रंथालयानं पिशव्यांसाठी सांगितलं होतं. समोर बघणारं, पंख पसरलेलं, मधोमध घडी घातली तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळतील असं. डोळे असे वटारलेले की नवरा म्हणाला, आरशात बघून काढलंस वाटतं.

तंतोतंत म्हटलं खरं, पण एक टाका सोडून. भिंगबाईंची ही जुनी खोड होती आणि ती नवऱ्यालाही ठाऊक नव्हती. प्रत्येक नक्षीत त्या एक टाका मुद्दाम तिरका घालायच्या. घुबडाच्या बाबतीत तो बघणाऱ्याच्या डाव्या हाताच्या पंखात, पिसांच्या तिसऱ्या ओळीत होता. गिऱ्हाइकाला तो दिसायचा नाही. पण कुणी नक्षी चोरली, तर तो टाकाही तिच्याबरोबर चोरला जाणार आणि चोर पकडला जाणार. तीस वर्षांत एकही चोर सापडला नव्हता. त्यानं त्यांची शंका कमी झाली नाही, उलट चोर फार हुशार आहेत अशी खात्री पटली.

आता गंमत बघा. इतकी चौकस बाई, पण मशीनच्या कंपनीवर तिचा पूर्ण विश्वास. हिशेब सरळ होता. जो पैसे घेतो त्याला काय हवंय ते आपल्याला कळतं, मग भ्यायचं कशाला? दोन वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि नवा प्रोग्रॅम टाकून गेला. यापुढे इंटरनेट लागेल, सगळ्या नक्ष्या कंपनीकडे सुरक्षित राहतील, म्हणाला. पडद्यावर हातभर लांब मजकूर आला. भिंगबाईंनी भिंग उचललं, दोन ओळी वाचल्या, आणि हे काय म्हणून विचारलं. नेहमीचंच असतं, सगळे 'मान्य' करतात, तो म्हणाला. कागद असता तर त्यांनी उलटा करून पाहिला असता. पण पडद्याला मागची बाजू नसते. त्यांनी 'मान्य' दाबलं आणि पावती मात्र नीट तपासून घेतली.

यंदा कंपनीनं कळवलं की तुमचं मशीन जुनं झालं, आता त्याच्यासाठी प्रोग्रॅम मिळणार नाही, नवं मशीन घ्या. दुसऱ्या दिवशी दोनशे चाळीसपैकी एकही नक्षी उघडेना. स्वतः मांडलेला प्रत्येक टाका, आणि दाराला कुलूप दुसऱ्याचं.

त्या वेळी धावून आली ती भाची. मोठ्या बहिणीची मुलगी, शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. भिंगबाईंना मूलबाळ नव्हतं. सहा वर्षांची असताना हिच्या हातात त्यांनीच सुई दिली होती, आणि आपल्यामागे कारखाना हिनंच चालवावा हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. खोलीची दुसरी किल्ली जगात फक्त तिच्याकडे होती. भिंगबाईंच्या हिशेबी यापेक्षा मोठा विश्वास नाही.

भाचीनं चार रविवार बसून फायली सोडवल्या आणि दुसऱ्याच एका प्रोग्रॅममध्ये आणल्या. हा ओपन सोर्स आहे, तिनं समजावलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलाय. आत काय आहे ते कुणीही वाचावं, हवं तसं बदलावं, दुसऱ्याला द्यावं. कुणाची परवानगी लागत नाही, आणि मशीन कितीही जुनं असलं तरी कुणी दार बंद करू शकत नाही.

"आणि पैसे?" भिंगबाईंनी विचारलं.

"काही नाही."

झालं. मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच. काही घेत नाहीत म्हणजे वेगळं काहीतरी घेत असणार. आणि ही पोरगी चार रविवार इथं बसली, ती कशासाठी? मावशीच्या प्रेमानं, असं नवरा म्हणाला. नवऱ्याचा यात काय संबंध, हीही एक नवी शंका झाली.

मग त्यांनी एक गोष्ट केली. नवा प्रोग्रॅम हाताळायला शिकल्यावर, एका दुपारी एकट्या असताना, त्यांनी नव्या फाइलमधल्या घुबडाच्या डाव्या पंखातला तिरका टाका सरळ केला आणि उजव्या पंखात दुसरा घातला. मशीनवर त्या फाइलमधून अजून एकही घुबड काढलेलं नव्हतं. म्हणजे बाहेर कुठं उजव्या पंखात तिरका टाका असलेलं घुबड दिसलं, तर ते या कॉम्प्युटरमधूनच गेलं असणार. भाचीनं तरी दिलं असेल, नाहीतर तिच्या त्या फुकट्या प्रोग्रॅमनं. सापळा लावून त्या निवांत चहा प्यायल्या.

तीन महिन्यांनी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात, काचेच्या मागे, एका पिशवीवरून घुबड त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होतं.

भिंगबाई तडक आत गेल्या, पिशवी विकत घेतली, आणि दुकानाच्या पायरीवरच आत हात घालून ती उलटी केली. तीस वर्षांची सवय ती. मागच्या बाजूला भिंग धरलं. तिसरी ओळ. तिरका टाका होता, आणि उजव्या हाताला होता.

शनिवारी भाची आली तेव्हा ती पिशवी तशीच, आतली बाजू बाहेर, टेबलावर ठेवलेली होती. भाचीला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली की तिनं कुणाला काही दिलेलं नाही. मग प्रोग्रॅमनं दिलं, भिंगबाई म्हणाल्या. भाचीनं इंटरनेटची तार काढून दाखवली, हा प्रोग्रॅम इंटरनेटशिवायही चालतो, तो कुणाशी बोलतच नाही. मग त्याच्या आतला मजकूर उघडला आणि म्हणाली, वाच. पडदाभर अगम्य अक्षरं. मला काय कळतंय यातलं, भिंगबाई फणकारल्या. तुझ्या विश्वासातल्या कुणाकडूनही वाचून घे, भाची म्हणाली, उघडा ठेवलाय तो त्यासाठीच.

"तो माणूसही तुझ्याच ओळखीचा निघेल. किल्ली ठेव इथं."

भाचीनं किल्ली ठेवली. रडली नाही, भांडली नाही, याचाही भिंगबाईंनी वेगळा अर्थ काढला.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. नवरा जेवताना एक अक्षर बोलत नव्हता. भिंगबाई रोज संध्याकाळी त्या दुकानासमोरच्या फुटपाथवर, बसची वाट पाहिल्यासारखं करून, उभ्या राहायच्या. भाची तिथं माल द्यायला येते का ते बघायचं होतं. एकामागून एक बस सोडणाऱ्या या बाईंचा आता बसच्या वाहकांनाच संशय येऊ लागला होता. भाची काही आली नाही. शेवटी त्या आत शिरल्या आणि घुबड कुठून आणलं, असं दुकानदाराला थेट विचारलं.

त्याला लपवण्यासारखं काही वाटलं नाही. मागच्या खोलीत त्याचं स्वतःचं मशीन होतं, त्याच कंपनीचं, नवंकोरं. त्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला. मशीनबरोबर तयार नक्ष्या मिळतात, म्हणाला. 'पक्षी, संच सातवा.' चिमणी, मोर, बगळा, आणि चौथं घुबड. खाली कंपनीचं नाव.

भिंगबाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की पोरीनं कंपनीलाच विकलं. शंकेला एकदा वाट सापडली की ती लांबचं वळण घेते, पण सरळ येत नाही. मग त्यांनी भिंग पडद्याला लावलं. घुबड समोरून बघत होतं. तिसऱ्या ओळीतला टाका तिरका होता, आणि तो डाव्या पंखात होता.

त्यांनी पर्समधून पिशवी काढली. तीन आठवडे ती उलटीच होती. हात घालून ती सुलटी केली. टाका डावीकडे.

मागून पाहिलं की डावं ते उजवं दिसतं. हे त्या भरतकाम शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायच्या. पण इतकी वर्षं मागची बाजू त्यांनी पाहिली ती ताण आणि गाठी बघायला. डावं-उजवं बघायची वेळ कधी आली नव्हती, आणि आली तेव्हा डोक्यात राग होता. जुना टाका म्हणजे जुनी फाइल. ती फक्त एकाच ठिकाणी गेली होती, कंपनीकडे, सुरक्षित राहायला.

घरी येऊन त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात त्या हातभर मजकुराचं एकतिसावं कलम वाचून दाखवलं. साठवलेल्या नक्ष्या कंपनी वापरू शकते, इतरांना देऊ शकते, आणि हे आपण मान्य केलंय, अमुक तारखेला, दुपारी अमुक वाजता. तक्रारीचा नंबर दिला. मग नवं मशीन घ्यायचा काही विचार आहे का, असं विचारलं. भिंगबाईंनी फोन ठेवला. चोराला त्यांनी स्वतः दार उघडून दिलं होतं, खुर्ची दिली होती, पावती घेतली होती. आणि जिनं सगळं उघडं करून दाखवलं तिला घालवून दिलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायला इतके दिवस लागले याची जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी त्या भाचीच्या घरी गेल्या. पर्समध्ये पिशवी आणि किल्ली. भाची वह्या तपासत बसली होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. भिंगबाईंनी सगळं सांगितलं, दुकान, संच सातवा, एकतिसावं कलम. माझं चुकलं, हेही म्हणाल्या. हे शब्द नवऱ्यानंही कधी ऐकले नव्हते. मग त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि एखादं कोडं सुटल्याच्या उत्साहात दाखवलं, "हा बघ टाका. डावीकडे. तुझ्या प्रोग्रॅममधल्या घुबडाला तो उजवीकडे आहे. म्हणजे तुझ्याकडून काहीच गेलं नाही. पक्का पुरावा आहे."

भाचीनं पिशवी हातात घेतली. आधी पुढून पाहिली, मग आत हात घालून उलटी केली आणि मागून पाहिली, लहानपणी शिकवलं होतं तशी. एकेका दोऱ्यावरून बोट फिरवत तिनं बराच वेळ लावला.

"नव्यात उजवीकडे का घातलास, मावशी?"

या प्रश्नाचं एकच उत्तर होतं, आणि ते त्यांच्या पुराव्यातच शिवलेलं होतं.

"कधी घातलास?" भाचीनं विचारलं.

"तू फायली आणून दिल्यास," भिंगबाई म्हणाल्या, "त्याच्या दुसऱ्या आठवड्यात."

भाचीनं मान हलवली. पिशवी सुलटी करून, घडी घालून तिनं परत दिली. तेव्हा भिंगबाईंनी किल्ली काढली आणि वह्यांच्या शेजारी ठेवली.

"रविवारी येईन," भाची म्हणाली. "बऱ्याच नक्ष्या नीट लावायच्या राहिल्यात." मग तिनं एका बोटानं किल्ली मावशीकडे सरकवली. "ही नको. तू असशील तेव्हाच येईन. शेजारी बसून बघत राहा."

तिनं पुढची वही उघडली. भिंगबाईंनी किल्ली उचलली आणि मुठीत घट्ट धरली. घरी पोचेपर्यंत तिचे दात तळहातावर उमटले होते.