सापडलेल्या मुलीचा शोध

माझी मुलगी दीड तासच हरवली होती. लोक मात्र तिला पुढे चार महिने शोधत राहिले.

मी सातवीत शाळा सोडली. लग्न झाल्यावर किनवटकडून बोरीवलीला आले आणि पोळ्यांची कामं धरली. संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी मुलीला सोसायटीच्या बाकावर बसवून सातव्या मजल्यावर कामाला गेले. खाली येऊन बघते तर बाक रिकामा. पाच वर्षांची पोर! ज्यांच्याकडे मी पोळ्या करते त्या वहिनींनी पोलिसांना कळवलं आणि लगेच मोबाइलवर तिच्या फोटोसकट लिहिलं, 'ही मुलगी आत्ताच हरवली आहे. पळवल्याचा संशय. दिसल्यास फोन करा.' खाली स्वतःचा नंबर.

पोर सापडली शेजारच्या विंगमधल्या हळदीकुंकवात. बायकांच्या घोळक्यामागून ती चार घरं फिरली होती. प्रत्येकीला वाटलं, दुसऱ्या कुणाबरोबर आली असेल. तिळगूळ देऊन देऊन तिचा फ्रॉक चिकट केलेला. पाचव्या घरी एका आजींनी विचारलं, "कोणाची गं तू?" तेव्हा कुठे कळलं.

वहिनींनी 'सापडली' असंही टाकलं. पण ते कोण पुढे पाठवतंय? हरवल्याचा मेसेज मात्र चौथ्या दिवशी माझ्या भावाला गावी गेला. बिचारा रडतच फोनवर, "ताई, हे आम्हाला परक्याकडून कळावं?" मागे सरकारचा चाचणीचा इशारा आला तेव्हा अख्ख्या बिल्डिंगचे मोबाइल एकदम कोकलले होते. मला वाटतं, मूल हरवलं तर तसंच वाजावं, आणि सापडलं की तेवढ्याच जोरात पुन्हा वाजावं.

मे महिन्यात तिला वर्सोव्याला होड्या दाखवायला नेलं. मढला बोटीने जाऊन आलो, तर पुन्हा बसायचं म्हणून तिने भोकाड पसरलं. मी दंडाला धरून ओढत निघाले. सुके बोंबील पालटत बसलेली एक कोळीण उठून आडवी आली.

"ए बाय, थांब. पोर कोनाची?"

"माझी."

"मोबाइलवर फोटो आलाय हिचा. पळवलेली हाय." तिने मुलीचं मनगट धरलं. "बाळा, ही कोन तुझी?"

पोर माझ्यावर फुगलेली. म्हणाली, "कोणी नाही."

झालं, वाट लागली. माणसं जमली. मी माझ्या गावच्या बोलीत घाईघाईने सांगू लागले. एक जण म्हणाला, "बोलते बघ कशी, इकडची नाहीच ही." माझीच पोर माझ्या हातून काढून नेतील, एवढंच डोक्यात. कोळीण मात्र ओरडली, "कोनी हात लावायचा नाय तिला! आधी नंबर लावते."

वहिनी दुपारच्या झोपतात. दोनदा रिंग वाजून गेली. तिसऱ्यांदा उचलला, कोळिणीने स्पीकर लावला, तेव्हा मी नुसतं "वहिनी" म्हटलं आणि मला रडू फुटलं. त्यांनी आवाज ओळखला. "अहो, ती तिचीच आई आहे! पोर जानेवारीतच सापडली. सोडा त्यांना!"

माणसं पांगली. कोळीण खाली बसली. "माफ कर गो. आत्ताच लिवलंय त्यात. कधीचं आत्ताच ते, कोनाला ठाव?"

"मावशी, तुम्ही विचारलंत तरी," मी म्हटलं. "माझी पोर तुमची कोण होती?" मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिने मला खांद्याला धरून उठवलं.

मग पोरीला म्हणाली, "आता तरी सांग गो, कोन ही?"

पोरीने नाक पुसलं, विचार केला. "आई. पण बोटीत बसवलं तर."

मी बसवलं. मढला जाऊन परत येईपर्यंत ती कोळीण धक्क्यावरून हलली नाही.