बेबीताईंचा चिमटा

बेबीताईंच्या केसांना तेल लावायला मी जाते. सहा वर्षांच्या होत्या तेव्हा त्या पहिल्यांदा नाटकात उभ्या राहिल्या. मग सिनेमे केले, आता मालिकांत आजी होतात. केस पांढरे झाले तरी सगळे त्यांना बेबीच म्हणतात.

पंधरा दिवसांपूर्वी तेल लावतानाच त्यांचा धाकटा भाऊ गेल्याचा फोन आला. त्यांनी फोन बाजूला ठेवला, डोळे कोरडेच होते. मग त्यांनी स्वतःच्या दंडाला जोरात चिमटा काढला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मी हात धरला. "अहो ताई, हे काय?"

"आई विंगेत असाच चिमटा काढायची आणि स्टेजवर ढकलायची. लोक म्हणायचे, पोर काय खरं रडते."

"आता इथे कोण बघतंय?"

"कोणी नाही गं. पण त्याशिवाय रडू येतच नाही. आई गेली तेव्हासुद्धा माझा मलाच चिमटा काढावा लागला."

दंडावर लाल वळ उठला होता. मी तिथे तेलाचं बोट फिरवलं. माणूस एवढं मोठं होतं, तरी त्याच्या पाठीमागे लहानपणीचं कुणी तसंच उभं राहत असेल का?

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "तू मागे उभी राहिलीस ना, की वाटतं आता ढकलशील."

आज पुन्हा गेले, तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून तेल लावलं. मागच्या केसांना नीट लागलं नाही.