दाजींची कमान

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांवर दुसरा जन्मला नाही. गावातच दिलेल्या बहिणीचे यजमान, म्हणून सुरुवातीला तोंडावर बोललो नाही. पाठीमागे मात्र पोटभर हसलो. कोणाच्याही घरी बाजेवर बसण्याआधी ते तिचे चारही पाय हलवून बघत. कोल्हारच्या थांब्यावर एसटी आली की सगळी रांग खोळंबवून पुढच्या टायरला लाथ मारत आणि विचारत, "बिरेक लागत्यात ना, डायवरसायेब?" एकदा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "न्हाई लागत, पन तुमी बसा. तुमच्या भ्यानंच थांबंल गाडी." दाजी बसलेच नाहीत. भाचीच्या साखरपुड्याला पंगती उठल्यावर पोचले.

अशा माणसानं एक जुना, बुटका ट्रॅक्टर घेतला. पाटाच्या भरावावर चढताना तो पुढून उचलतो हे कळल्यावर त्यांची झोपच उडाली. मग कुठल्याशा शेती प्रदर्शनात परदेशी ट्रॅक्टरचं चित्र बघून त्यांनी लोहाराकडून जाड पाइपाची कमान वाकवून घेतली आणि सीटच्या मागे चार बोल्टांनी बसवली. ट्रॅक्टर उलटला तर भार कमानीवर, माणूस खाली शाबूत. शिवाय बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून कमरेला चामडी पट्टा. त्या मखरात गौरीसारखे बसून ते नांगरायला निघाले की लोक बांधावर जमत. तोवर माझीही भीड चेपली होती. "दाजी, आरती कवा?" मीच ओरडायचो.

"हसा पाव्हणं. उलटल्याव बगू."

सत्तर सालच्या पोळ्याला बैलांबरोबर ट्रॅक्टरही वेशीतल्या तोरणाखालून न्यायचं ठरलं. कमान तोरणाला अडत होती आणि मानाच्या बैलाआधी तोरण तुटलं असतं तर मारामारीच! कमान मीच उतरवली आणि मिरवणूक झाल्यावर मीच परत चढवली. घरी पुरणपोळ्या निवत होत्या. बोल्ट चारही घातले, पण खालून नट लावले दोनांनाच. उरलेले दोन सदऱ्याच्या खिशात राहिले. विसरलो नव्हतो. आठवलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, मखराला एवढं काय करायचंय! दाजींनी येऊन वरून बोल्टांची डोकी मोजली. "चारी हायेत," म्हणाले आणि समाधानानं जेवायला गेले.

चौथ्या दिवशी भरावावर ट्रॅक्टर मागे उलटला. दोन बोल्टांवर कमान टिकली म्हणून दाजी वाचले. एका अंगानं दबली म्हणून डावा पाय कायमचा अधू झाला. गाव म्हणालं, कमानच कुचकामी. मीही मान डोलावली. दाजी मात्र एवढंच म्हणाले, "म्या सोता मोजले हुते. मोजून तरी काय उपेग?" त्या दिवसापासून त्यांनी काही म्हणजे काही तपासणं सोडलं. दिसेल त्या बाजेवर धपकन बसत. येईल त्या एसटीत माझा हात धरून चढत. तीन वर्षं मी हात देत राहिलो आणि ते चारचौघांत सांगत राहिले, मेव्हणा असावा तर असा.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोल्हारच्या थांब्यावर ते दोन नट मी त्यांच्या तळहातावर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. बराच वेळ ते नटाच्या आट्यांवरून नख फिरवत राहिले.

"म्हंजी माझी मोजनी बरूबर हुती."

एसटी आली. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. काठी टेकत ते गाडीच्या पुढे गेले, टायरवर काठीचे दोन ठोके घातले आणि मान वर करून म्हणाले, "बिरेक लागत्यात ना, डायवरसायेब?"

रांगेत मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. पूर्वी तो मी असायचो.